‘चावी’ कुठून आली? पोर्तुगीज शब्दाचं मूळ असं शोधा

‘चावी’ आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पोर्तुगीजांना ती कुठून मिळाली? हाच शब्द धरून मागे जाऊ.

आधी जुना उच्चार शोधा. लिस्बनमध्ये आज चावीला ‘शाव्’ म्हणतात. सोळाव्या शतकात मात्र तिथे ‘च’ होता आणि उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत तो अजून आहे. आपण उचललेला ‘च’ त्या काळचा. पोर्तुगालच्या राजधानीत पुसला गेलेला उच्चार आपल्या तोंडी टिकलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग भावंडं गोळा करा, म्हणजे पोर्तुगीजसारख्याच लॅटिनमधून निघालेल्या भाषांतले शब्द. इटालियन ‘क्यावे’, फ्रेंच ‘क्ले’. दोन्हींच्या सुरुवातीला ‘क’ आहे, म्हणजे मूळ शब्दातही तो असणार. लॅटिन कोशात ‘क्लाविस’ सापडतो, पण तिथेच थांबू नका. पोर्तुगीज नामं सहसा लॅटिनच्या द्वितीयेच्या रूपातून आली आहेत. इथे ते रूप ‘क्लावेम’. बोलण्यात शेवटचा ‘म’ फार लवकर गळाला.

आता खरी परीक्षा. ‘क्ल’चा ‘च’ आणि पुढे ‘श’ झाला, हे एकाच शब्दावरून मानू नका. जोड्या लावून बघा, ‘प्ल’ आणि ‘फ्ल’चंही तेच झालेलं दिसेल. क्लामारे–शामार (हाक मारणे), प्लुविया–शुवा (पाऊस), फ्लाम्मा–शामा (ज्वाळा). तोच बदल पुन्हा पुन्हा दिसला की व्युत्पत्ती पक्की. नुसत्या साम्यावर जाल तर ‘किल्ली’लाही लॅटिनच्या दारात नेऊन बसवाल, ती आपल्या ‘कील’ म्हणजे खुंटीची.

संगीतलिपीतल्या स्वरचिन्हाला पोर्तुगीजमध्ये ‘क्लाव्’ म्हणतात. शब्द तोच, पण पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून घेतलेला, म्हणून ‘क्ल’ शाबूत. एकाच शब्दाची अशी दोन रूपं दिसली की एक लोकांच्या तोंडून आलं आणि दुसरं पुस्तकातून, हे ओळखा.

लॅटिनच्या मागे ग्रीक ‘क्लेइस’ दिसेल. तिला आई समजू नका, ती बहीण आहे. त्याहून जुनी रूपं कोशात तारांकित असतात: ती कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेली आहेत.

आणि प्रत्येक शब्द लॅटिनचा नसतो. ‘बटाटा’ही पोर्तुगीजांनीच दिला, पण त्याचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं.