नव्या बाँडच्या बातम्या कशा वाचाव्यात

सिनेमातला नवा जेम्स बाँड कोण, अशी बातमी आली की मी नटाचं नाव बघतच नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे ते बघतो. तुम्हीही तेच करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडपटांचे जुने निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांनी या चित्रपटांचा सर्जनशील ताबा अ‍ॅमेझॉन एमजीएम या स्टुडिओकडे सोपवला. त्यामुळे घोषणा तिथूनच हवी. दिग्दर्शक डेनी विलनव्ह, लेखक स्टीव्हन नाइट ही नावं तशी आली. ‘सूत्रांनुसार’ दिसलं की पुढे सरका. सट्टेबाजांचे भाव निव्वळ करमणूक. उशिराने घाबरू नका: कोर्टकज्ज्यांमुळे १९८९ नंतरचा बाँडपट थेट १९९५ मध्ये आला होता. माझी धास्ती वेगळीच, बाँडच्या जगावर बेतलेल्या उपमालिकांचा (स्पिन-ऑफचा) रतीब लागण्याची. तसली घोषणा आली तर मात्र दोनदा वाचा.