फ्लाइट सिम्युलेटरसाठी रॅम वाढवताना: आधी मोजा, मग कॅबिनेट उघडा

रॅम वाढवली की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढतो, हा समज अर्धाच खरा आहे. रॅम कमी पडत असेल तर ती वाढवल्यावर सिम्युलेटरचे अडखळणे थांबते, लांबच्या उड्डाणात मध्येच बंद पडणे थांबते. कमी पडतच नसेल तर ३२ जीबीच्या जागी ६४ जीबी बसवूनही काही फरक दिसत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या आहेत, तेव्हा दुकानात जाण्याआधी अर्धा तास मोजमापावर घालवणे फायद्याचे.

कोणत्या सिमला (सिम्युलेटरला) किती लागते, हेही आधी पाहावे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीसाठी किमान ८ जीबी आणि शिफारस १६ जीबीची होती. २०२४ च्या आवृत्तीत किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी असे आकडे दिले आहेत. एक्स-प्लेन १२ ची गरज मुळात थोडी कमी, पण उपग्रह छायाचित्रांवर बेतलेली मोठी सीनरी (जमीन-विमानतळांचे जादा देखावे) टाकली की तिथेही १६ जीबी अपुरी पडते. ज्यांच्याकडे अजून २००६ चा एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचाच फ्लाइट सिम्युलेटर एक्स) आहे त्यांनी मात्र खर्च करू नये. तो ३२-बिट प्रोग्रॅम आहे, ४ जीबीपलीकडची जागा त्याला वापरताच येत नाही. ‘आउट ऑफ मेमरी’चा त्याचा कुप्रसिद्ध संदेश ६४ जीबीच्या मशीनवरही येतो.

रॅम खरोखर कमी पडते आहे का?

कॉम्प्युटर नव्याने सुरू करा. नेहमी उघडे असणारे सगळे उघडा: ब्राउझर, चार्टचा प्रोग्रॅम, ऑनलाइन एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) क्लायंट. मग आपले सर्वात जड विमान घेऊन एखाद्या जड विमानतळावर उतरा. मुंबईचा विमानतळ (कोड व्हीएबीबी) किंवा लंडनचा हीथ्रो तपशीलवार सीनरीसह चांगली परीक्षा घेतो. रिकाम्या आकाशात ३५,००० फुटांवर केलेले मोजमाप काही सांगत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘इन यूज’ हा आकडा एकूण रॅमच्या नव्वद टक्क्यांवर जाऊन तिथेच राहत असेल तर संशयाला जागा आहे. शेजारचा ‘कमिटेड’ आकडा जास्त बोलका असतो. त्यातली पहिली संख्या प्रत्यक्ष रॅमपेक्षा बरीच मोठी झाली की विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलचा आधार घेऊ लागण्याची शक्यता असते, आणि ती दुसऱ्या संख्येला भिडली की सिम कसलीही सूचना न देता डेस्कटॉपवर आणून सोडते. पक्के करायचे असेल तर रिसोर्स मॉनिटरमधला ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरून माहिती आणावी लागल्याचा, आलेख पाहा. सीनरी लोड होताना तो उसळतोच, त्याचे काही नाही. पण फायनल ॲप्रोचवर चित्र थिजते त्याच क्षणी प्रत्येक वेळी तो उसळत असेल तर रॅम अपुरी आहे.

आता उलट तपासणी. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेम रेटची चौकट दाखवायला सांगा. तिथे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसत असेल तर अडचण प्रोसेसरच्या एका कोअरची आहे. त्यावर जास्त जीबीचा उपयोग नाही, रॅमच्या वेगाचा थोडा होतो. तिथे ‘जीपीयू’ लिहून आले तर प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा. आणखी एक फसवे प्रकरण: ८ जीबीच्या कार्डाची स्वतःची मेमरी भरली की चित्र अगदी रॅम संपल्यासारखेच अडखळते. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ भरून ‘शेअर्ड’ वाढताना दिसली, तर रॅम आणू नका, टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणा.

फुकटात मिळणारा वेग

त्याच मेमरीच्या पानावर ‘स्पीड’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ या दोन ओळी आहेत. अनेक मशीन इथेच सुधारतात.

डीडीआर४ ची ३६०० ची रॅम विकत घेतली, पण स्पीड २१३३ किंवा २६६६ दिसतो, याचा अर्थ बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी हे वेगाचे प्रोफाइल चालूच केलेले नाही. डीडीआर५ मध्ये ६००० ऐवजी ४८०० दिसते. पाकिटावरचा वेग आपोआप लागू होत नाही, तो प्रोफाइल निवडून चालू करावा लागतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचे नाव एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर बहुधा एक्स्पो, आणि आसुसच्या एएमडी बोर्डवर जुन्या प्रोफाइलसाठी डीओसीपी.

‘स्लॉट्स यूज्ड’समोर पहिला आकडा १ असेल, म्हणजे १६ जीबीची एकच स्टिक असेल, तर मेमरी एकाच चॅनलवर चालते आहे आणि बँडविड्थ निम्मी झाली आहे. दुकानात जोडून मिळालेल्या मशीनमध्ये हे सर्रास आढळते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला तर याचा फटका दुप्पट बसतो, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्सही हीच मेमरी वापरते.

काय विकत घ्यावे

आज नवी जोडी घ्यायची तर १६ जीबीच्या दोन स्टिक. ६४ जीबी म्हणजे ३२ च्या दोन. जड सीनरीचा ढीग, भरपूर ट्रॅफिक आणि सोबत व्हिडिओ रेकॉर्डिंग चालत असेल त्यांच्यासाठीच. डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या स्टिक टाळा. त्यांवर चिप कमी असतात आणि त्या १६ जीबीच्या स्टिकपेक्षा हळू चालतात.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. कोणती लागते याची खात्री नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवा, प्रकार लगेच दिसतो. तिथला ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’चा आकडा पाकिटावरच्या निम्मा दिसतो, त्याने घाबरू नये, ३६०० ची रॅम तिथे १८०० च दिसणार.

वेग आणि सीएल (मेमरीच्या उत्तराला लागणारा विलंब) हे दोन आकडे एकत्र वाचायचे. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदात मिळतो. ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८ आणि ६००० सीएल३० या तिन्हींचा विलंब १० नॅनोसेकंद. ६००० सीएल४० चा १३ च्या वर. सिमचा मुख्य थ्रेड सतत मेमरीची वाट पाहत असतो, म्हणून हा फरक इथे इतर बऱ्याच खेळांपेक्षा जास्त जाणवतो. रायझन ५००० साठी ३६०० आणि रायझन ७००० साठी ६००० इथे थांबणे शहाणपणाचे. त्यापुढे पैसे वाढतात, स्थिरता घटते. ५८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी असेल तर त्यातल्या ९६ एमबी कॅशमुळे रॅमच्या वेगाचे महत्त्वच कमी होते. महागड्या स्टिकवर पैसे घालू नका.

जुन्या दोन स्टिकच्या जोडीला नव्या दोन टाकायचा मोह सगळ्यांना होतो. डीडीआर४ वर हे बरेचदा जमते, पण सगळ्या स्टिक सर्वात हळू स्टिकच्या चालीने चालतात. डीडीआर५ वर मात्र चार स्टिक म्हणजे डोकेदुखी. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत आधार आहे, चारवर तो ३६०० वर येतो. इथे जुनी जोडी विकून मोठी जोडी घेणे बरे.

लॅपटॉपवाल्यांनी आधी मॉडेलची माहिती पाहावी. एलपीडीडीआर५ लिहिलेले असेल तर मेमरी जवळपास नेहमी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायला काही नसते.

बसवणे

बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती कधी कधी मागते. कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसची वायर काढा, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या. लॅपटॉप असेल तर मागचे झाकण काढल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. कोरड्या थंडीत सतरंजीवर बसून हे काम करू नये.

चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डावर तिथे बहुधा ए२, बी२ असे छापलेले असते. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर एकच चॅनल चालतो. खाच जुळवा, स्टिक सरळ धरा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. खटका बसल्याचा आवाज यायला हवा. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, तिथे दुसरे टोक अर्धवट वर राहण्याची चूक फार होते. मोठा एअर कूलर असेल तर उंच हीटसिंकची रॅम पंख्याला अडते. विकत घेण्याआधीच उंची मोजलेली बरी. कोकणासारख्या दमट हवेत जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच बसवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच बटण बंद करू नका. डीडीआर५ चे बोर्ड, विशेषतः एएमडीचे, नव्या मेमरीचे ट्रेनिंग (तिच्याशी जुळवून घेणे) करतात आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. पंधरा मिनिटांनंतरही बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेलाच असेल तर एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून पाहा, मग दुसरी. तरीही नाही तर सीएमओएस क्लियर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा.

मशीन सुरू झाल्यावर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, प्रोफाइल चालू करा, सेव्ह करा. विंडोज नव्याने टाकावी लागत नाही.

चाचणी आणि त्यानंतर

सिम लगेच उघडू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. ६४ जीबीला खरेच बरेच तास लागतात. एकही चूक चालत नाही. चूक आली तर प्रोफाइल बंद करून पुन्हा चाचणी घ्या. मग चुका गेल्या तर स्टिक खराब नाहीत, वेग झेपत नाही: ६००० वरून ५६०० वर उतरा. प्रोफाइल बंद असतानाही चुका येत असतील तर स्टिक वॉरंटीत परत करा. नवी रॅम टाकल्यानंतर सिम वारंवार डेस्कटॉपवर पडू लागली तर सीनरीला दोष देण्याआधी हीच तपासणी करायची.

पेज फाइल बंद करण्याचा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका, ६४ जीबी असली तरी. ती एसएसडीवर ठेवून आकार विंडोजच्या हाती सोपवा.

सिममध्ये आता ‘ऑफ-स्क्रीन टेरेन प्री-कॅशिंग’ अल्ट्रावर नेता येईल. नजर झटकन मागे वळवली की जमीन उशिरा भरत जाते, ते याने कमी होते, आणि हे नेमके रॅम खाणारे सेटिंग आहे. टेरेन एलओडी (दूरच्या जमिनीचा तपशील) मात्र रॅमच्या भरवशावर वाढवू नका, त्याचा भार मुख्य थ्रेडवर पडतो.

फरक पाहताना तेच विमान, तोच विमानतळ, तीच वेळ, तेच ठरावीक हवामान ठेवा आणि लाइव्ह ट्रॅफिक बंद करा. पहिली फेरी सोडून दुसरी मोजा, कारण पहिल्या फेरीत बरेच काही डिस्कवरून आणि नेटवरून येत असते. सरासरी फ्रेम रेट जवळपास तोच राहील. कॅपफ्रेमएक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये एक टक्का लो, म्हणजे सर्वात हळू क्षणांचा फ्रेम रेट, हा आकडा पाहा, सुधारणा तिथे दिसते.

मुंबई-लंडनसारख्या उड्डाणात मेमरीचा वापर तासागणिक चढतच गेला आणि कधी उतरलाच नाही, तर एखादा ॲड-ऑन मेमरी धरून ठेवतो आहे. तिथे जास्त रॅम फक्त बंद पडण्याची वेळ पुढे ढकलते. कम्युनिटी फोल्डर (ॲड-ऑन ठेवण्याची जागा) रिकामा करून उड्डाण करा, मग निम्मे ॲड-ऑन परत टाका, मग उरलेल्यातले निम्मे, दोषी सापडेपर्यंत.