ओठ पुढे, आवाज मागे: घरच्या एडिटिंगमध्ये या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं, "आवाज जुळत नाही, जरा सरकवून दे." मी आधी बघतो, फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच आहे की वाढत चाललाय? तेवढाच असेल तर आवाजाची पट्टी ओढली की काम झालं. वाढत असेल तर कितीही ओढा, एका जागी जुळेल आणि पुढे परत सुटेल. हे न बघताच लोक कात्री चालवतात.

मीही चालवली होती. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी तिनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मी मोबाइलवर सलग ५२ मिनिटं शूट केलं. एडिटिंगला घेतलं तर पहिली ओवी बरोबर, शेवटच्या ओवीला मात्र आजीचे ओठ मिटल्यावर आवाज येतोय. दोन रात्री जागून आवाजाचे तुकडे केले, एकेक सरकवला. ओठ जुळले, पण प्रत्येक जोडावर ओवीचा श्वास तुटला. आजीनं बघितलं आणि म्हणाली, "मी असं अडखळत म्हणत नव्हतो रं." ते अजून मनातून जात नाही.

दोष आवाजात नव्हताच. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, सांगतो, पण माजघरातल्या मंद उजेडात किंवा तापल्यावर तो वेग कमी-जास्त करतो. हाच व्हेरिएबल फ्रेम रेट. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ३० चा ठोका पक्का धरतात. कमी पडलेल्या फ्रेम त्या ठोक्यावर मांडल्या की चित्र लवकर संपतं, आवाज मागे राहतो.

म्हणून मोबाइलची प्रत्येक फाइल मी आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून काढतो. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि खाली 'कॉन्स्टंट', बस्स. वेळ लागतो, लागू दे. "थेट एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकलं तर?" असं विचारणारी पोरं आठवड्यानं तोच पेनड्राइव्ह घेऊन परत येतात. दहा मिनिटं थांबायची तयारी नसेल तर एडिटिंगला बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीची मूळ फाइल पुसली नव्हती म्हणून ओव्या पुन्हा अखंड करता आल्या. मूळ फाइल कधीच पुसू नका.

ब्लूटूथ इअरफोन लावून सिंक, म्हणजे ओठ-आवाजाचा मेळ, जुळवू नका. त्यात आवाजच उशिरा पोहोचतो, तुम्ही बरोबर असलेलं बिघडवून ठेवता. वायरचा हेडफोन घ्या.

आवाजासाठी रेकॉर्डर वेगळा असेल तर त्याचा सॅम्पल रेट (आवाज नोंदवायचा वेग) ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

आणि टाळी वाजवा. पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं याच कोल्हापुरात केला. त्या गावची पोरं टाळी न वाजवता शूटिंग सुरू करतात, याचं मला वाईट वाटतं. कॅमेऱ्यासमोर एक टाळी सुरुवातीला, एक शेवटी; हात भिडल्याचं चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक आणायचा. कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे लांब कार्यक्रमात शेवटची टाळी थोडी सरकलेली दिसते. तेवढाच आवाज किंचित ताणायचा किंवा आवळायचा.

खासबाग मैदानातल्या कुस्तीचं शूटिंग लांबून केलं तर हलगीची टिपरी आधी दिसते, आवाज मागून येतो. ही चूक मोबाइलची नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ७० मीटरवरून ०.२ सेकंदाचा उशीर, २५ फ्रेमच्या व्हिडिओत पाच फ्रेम. आवाज पाच फ्रेम आधी घ्या.

जुन्या लॅपटॉपवर प्रिव्ह्यू अडकतो, तो बघून काहीही हलवू नका. एक्सपोर्ट करा, मग पहिलं आणि शेवटचं मिनिट टीव्हीवर नाही, त्याच लॅपटॉपवर वायरच्या हेडफोननं बघा. टीव्ही स्वतःचा उशीर घालतो.