सीडी८ वाढल्याच नव्हत्या

फुफ्फुसाच्या कर्करोगात रेडिएशननंतर रुग्णाच्या प्रतिकारपेशींचं काय होतं, या विषयावर काम सुरू केलं तेव्हा माझ्या अगदी पहिल्या आलेखात सीडी८ टी पेशी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारू शकणाऱ्या प्रतिकारपेशी, वाढलेल्या दिसल्या. उपचारांआधी लिम्फोसाइट्समध्ये (टी, बी वगैरे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत) त्यांचा वाटा २५ टक्के, सहा आठवड्यांनी ३५ (आकडे गोल केलेत). बैठकीत मी खुशीत सांगून टाकलं, रेडिएशनने प्रतिकारशक्ती जागी केली. मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, "एकूण लिम्फोसाइट किती होते गं?"

ते मी पाहिलंच नव्हतं. रक्ताच्या दर मायक्रोलिटरला आधी १५००, नंतर ५००. म्हणजे सीडी८ ३७५ वरून १७५ वर आल्या होत्या. बी पेशी (अँटीबॉडी बनवणारे लिम्फोसाइट) त्यांच्याहून जास्त मेल्या, म्हणून उरलेल्यांत यांचा वाटा फुगला. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशींचे प्रकार ओळखून मोजणारं यंत्र, टक्केवारी आपणहून देतो. एकूण संख्या मात्र मोजणीचे मणी (माहीत असलेल्या संख्येचे सूक्ष्म मणी) नमुन्यात घालून किंवा त्याच दिवशीच्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीवरून) आपल्यालाच काढावी लागते. नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हे करावं.

लिम्फोसाइट इतके नाजूक का, हे कळलं की पुढचं बरंच सुटतं. भराभर विभागणाऱ्या पेशींना किरणं जास्त बाधतात, हा बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांचा १९०६ चा नियम पुस्तकात पहिल्याच धड्यात भेटतो. लिम्फोसाइट त्याला सरळ अपवाद: विभागणी न करताही एक-दोन ग्रेमध्ये (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) निम्म्याच्या आसपास मरतात. गाठीला साधारण ६० ग्रे देतात, ३० वेळा वाटून. छातीत किरणांच्या वाटेवर हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, रक्ताने भरलेलं फुफ्फुस. रोज वेगळं रक्त तिथून जातं आणि थोडा थोडा प्रसाद सगळ्यांनाच मिळतो. बी पेशी आधी जातात, कोऱ्या (अजून कुठल्याच शत्रूशी गाठ न पडलेल्या) टी पेशीही लवकर; स्मृतिपेशी (आधीचा शत्रू लक्षात ठेवणाऱ्या) आणि नियामक टी पेशी (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या) त्या मानाने टिकतात. तीन ते पाच भागांत उरकणाऱ्या एसबीआरटीमध्ये (गाठीवर नेमके, मोठ्या मात्रेत दिलेल्या रेडिएशनमध्ये) हा फटका सहसा कमी असतो, म्हणून ते रुग्ण एकाच गटात कालवू नका.

रक्ताची नळी हातात आली की रुग्णाचा कागद आधी वाचा. केमो सोबत चालू आहे का? त्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं का? स्टेरॉइडने काही तासांतच लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, आणि आपण ते रेडिएशनच्या नावावर खपवतो. रक्त किती वाजता काढलं तेही लिहा. लिम्फोसाइट सकाळी कमी, रात्री जास्त असतात. गाठ मोठी तर किरणांचं क्षेत्रही मोठं, म्हणजे लिम्फोसाइट जास्त घटणार; आणि आजार बळावण्यामागे खुद्द मोठी गाठच असू शकते, त्यामुळे 'लिम्फोसाइट घटले म्हणून आजार बळावला' हे वाक्य लिहिताना मला अजूनही दोनदा थांबावं लागतं.

आणि हो, रक्त म्हणजे सगळं शरीर नव्हे. लिम्फोसाइट्सपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात. गाठीत काही वेगळंच चाललेलं असू शकतं: मरणाऱ्या पेशींमधून धोक्याचे संकेत बाहेर पडतात, टी पेशींना खूण पटते, आणि त्याच वेळी पीडी-एल१ हे टी पेशींना थोपवणारं प्रथिन वाढून त्यांना लगामही बसतो. २०१७ च्या पॅसिफिक चाचणीत केमो-रेडिएशननंतर दिलेल्या डुर्व्हालुमॅबने (पीडी-एल१ अडवणाऱ्या औषधाने) आजार न वाढता गेलेला काळ ५.६ वरून १६.८ महिन्यांवर नेला. तेव्हापासून किती टी पेशी शिल्लक राहतात हा प्रश्न डॉक्टरही विचारू लागले.

तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यांत माझ्या आलेखातली लिम्फोसाइटची रेघ छान वर चढत होती. पण तपासणीला परत येतात ते बहुतेक बरे असलेलेच. ज्यांची तब्येत ढासळली त्यांची नळी येतच नाही. आता त्या जागा मी कोऱ्या ठेवते आणि शेजारी कारण लिहिते.