शिवण शिकताना दोरा तुटतो तेव्हा

परभणीत मी मुली-बायकांना शिवण शिकवते. नवीन मुलगी मशीनवर बसली की एक हाक हमखास येते, "ताई, दोरा तुटतोय. टेन्शन ढिलं केलं तरी तुटतोयच!" माझं सांगणं एकच असतं, टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणाऱ्या, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. मूळ बिघाड दुसरीकडं असताना तो फिरवला की टाकाही बिघडतो आणि एकाची दोन दुखणी होतात.

आधी दोऱ्याचं तुटलेलं टोक उजेडात धरून बघा. ते पिंजल्यासारखं विसकटलेलं असेल तर दोरा कुठंतरी घासतोय. सुईचं नेढं, सुईखालच्या प्लेटचं भोक, त्याखाली दोऱ्याचा फास धरणारं शटल, तिथं शोधा. टोक झटक्यात तुटल्यासारखं असेल तर दोरा ओढला जातोय. रिळाला अडकला असेल, चुकीचा ओवला असेल, नाहीतर ताण खरंच जास्त असेल.

पायमशीनवर नवख्या हाताचं नेहमीचं कारण म्हणजे उलटं फिरणारं चाक. चाक आपल्याकडंच फिरायला हवं. पाय चुकला की ते मागं जातं, दोरा शटलमध्ये गुंततो आणि तुटतो. म्हणून मी आधी दोरा काढून, कापड दाबणारं फूट वर ठेवून नुसतं चाक चालवायला लावते. मुली कंटाळतात, पण पाय बसला की हा त्रास संपतो.

ओवतानाही फूट वरच हवं. टेन्शनच्या चकत्या तेव्हाच सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. सुईच्या चपट्या बाजूच्या समोर एक लांब खाच असते, त्या खाचेच्या बाजूनं दोरा ओवायचा. सुई उलटी बसली की टाका सुटतो आणि दोराही तुटतो.

सुईचा नंबर कापडावर आणि दोऱ्यावर ठरतो. तलम कापडाला 11, रोजच्या सुती ब्लाउजला 14, जूनमध्ये गणवेशाचं जाड कापड येतं त्याला 16, जीन्सला 18. जाड दोरा बारीक नेढ्यातून गेला की घासणारच. लग्नसराईत काठपदराचे ब्लाउज येतात. अस्तर आणि जरीचा काठ एकावर एक आले की सुई लवकर बोथट होते, त्यामुळं अशा कामाला नवी सुई घ्या आणि काठावर मशीन सावकाश चालवा. सुई तुटेपर्यंत वापरायची सवय आपल्याकडं फार आहे. सुईचे चार पैसे वाचवायला जातो, अन् बाहीच्या गोलाईत तुटलेली टीप जोडावी लागते; तो जोड पुढं उसवला की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं.

खरवडलेली प्लेट मात्र डोळ्यांना दिसत नाही. कापड हातानं मागून ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि भोकाच्या कडेला बारीक कंगोरा उठतो. तो शोधायला आपल्या वावरातला कापूस पुरे. चिमूटभर कापूस भोकाच्या कडेवरून हळू फिरवा. तंतू अडकला तर तिथंच कंगोरा आहे. प्लेट सोडवून शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं ती जागा घासा आणि पुन्हा कापूस फिरवून बघा.

खालचा दोरा तुटत असेल तर तो गुंडाळलेली बॉबिन काढा. ती सैल किंवा वेडीवाकडी भरलेली असते, नाहीतर ती बसते त्या केसच्या पट्टीखाली कचरा साचलेला असतो. आपल्या फुफाट्यात हा कचरा लवकर साचतो, म्हणून कापड सरकवणाऱ्या दातांखालची जागा ब्रशनं रोज झाडा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल घातलं की ते चिकट होतं आणि मशीन जड चालते.

दोराही तपासा. हातभर तोडून दोन्ही हातांनी ओढा. सहज तुटला तर रीळच कुजलंय. पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलेली रिळं उन्हानं अशीच जातात. ती झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढं सगळं बघूनही दोरा तुटतच असेल तर शटलची वेळ, म्हणजे सुई आणि शटलची गाठ पडण्याची वेळ, चुकलेली असू शकते. ते काम मिस्त्रीचं. मशीन टाकून घरी येऊ नका, त्याच्यासमोर बसा आणि ज्या कापडावर दोरा तुटतो त्याच कापडावर त्याला टीप मारून दाखवायला सांगा.