बागेतल्या उन्हाळी भाज्यांचा ब्रंच: आधी पाण्याचा बंदोबस्त

झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, काकडीत किंचित जास्त, टोमॅटोतही जवळपास तेवढंच. आणि ब्रंचला आपण करतो ते अंड्याचे, पिठाचे आणि पावाचे पदार्थ. या तिघांनाही पाण्याचं वावडं. फ्रिटाटा (भाज्या घालून ओव्हनमध्ये भाजलेला अंड्याचा जाड पदार्थ) तळाशी ओला राहिला, टिक्की मधे कच्ची निघाली, टोस्ट लिबलिबीत झाला, तर दोष बहुतेक वेळा कृतीचा नसतो, भाजीतल्या पाण्याचा असतो. म्हणून टोपलीभर भाजी घरात आली की पदार्थ ठरवण्याआधी तिच्यातलं पाणी कुठे जाणार ते ठरवा.

तोडताना

सकाळी ऊन चढायच्या आत तोडा, भाजी टवटवीत राहते. झुकिनी १५ ते २० सेंटिमीटरची असतानाच काढावी. पानाआड दडून हातभर वाढलेली सापडली तर उभी चिरून मधला बियांचा मऊ गर चमच्याने खरवडून टाका आणि उरलेली किसणीवर घाला. चिरण्याआधी झुकिनीचा आणि काकडीचा एक छोटा तुकडा कच्चाच चाखायची सवय लावून घ्या. जहाल कडू लागला तर तो थुंकून टाका आणि ते फळ सरळ फेका. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही आणि पोट चांगलंच बिघडवतो. इथे काटकसर नको.

फरसबी दाणे फुगायच्या आत तोडायची, वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. मक्याच्या कणसातली साखर तोडल्या क्षणापासून पिष्टात बदलू लागते, त्यामुळे ते शक्यतो त्याच दिवशी वापरा. नाहीच जमलं तर सोलू नका, पाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. टोमॅटो मात्र बाहेरच बरा, थंडीत त्याचा वास मरतो. बेझिलही फ्रिजमध्ये काळी पडते, तिचे देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून ओट्यावर ठेवा.

पाणी काढण्याच्या वाटा

झुकिनीला मीठ. ५०० ग्रॅम किसाला १ चहाचा चमचा बारीक मीठ चोळून चाळणीत २० मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात बांधून जोर लावून पिळा. एकदम सगळा कीस घेऊ नका, दोन वाट्यांत विभागून पिळला की जास्त पाणी निघतं. वाडग्यात १०० मिलिलिटरच्या वर पाणी जमायला हवं. तीन-चार चमचेच निघालं असेल तर पुन्हा पिळा. बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं, पण सगळं नाही. म्हणून पुढे पदार्थात मीठ घालण्याआधी किसाची चिमूट चाखा.

वांगी आणि ढोबळी मिरची यांना ओव्हनची कडक आच मानवते. २ सेंटिमीटरच्या फोडी, ५०० ग्रॅमला २ मोठे चमचे तेल, २२० अंश सेल्सिअस, २५ ते ३० मिनिटं. फोडी एकाच थरात आणि एकमेकींपासून सुट्या हव्यात. ट्रे खच्चून भरला की त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात, मऊ होतात पण भाजल्या जात नाहीत. दोन ट्रे लागले तर दोन घ्या. चेरी टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर ठेवून १५० अंशांवर तासभर ठेवले की आक्रसतात आणि चव दाट होते. हे सगळं आदल्या दिवशी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतं, तीन दिवस चांगलं राहतं.

फरसबीचं निराळं. खळखळत्या खारट पाण्यात ३ ते ४ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग फडक्यावर पसरून कोरडी करणं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग अंड्यात पाणी सुटलं म्हणतात. मक्याच्या दाण्यांना यातलं काही लागत नाही.

फ्रिटाटा

उरलंसुरलं खपवायला हा उत्तम, पण प्रमाण सुटलं की याचं भाजी चिकटलेलं ऑम्लेट होतं. २५ सेंटिमीटरच्या, ओव्हनमध्ये चालणाऱ्या तव्याला ८ अंडी, ७५ मिलिलिटर सायीचं दूध किंवा क्रीम, शिजवून कोरडी केलेली ३०० ते ३५० ग्रॅम भाजी, ८० ते १०० ग्रॅम चीज आणि पाऊण चहाचा चमचा मीठ. चीज खारट असेल तर मीठ अर्धा चमचाच. भाजी याहून जास्त झाली तर तिला धरून ठेवायला अंडं पुरत नाही आणि कापताना तुकडे पडतात.

ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. अंडी पिवळं-पांढरं एकजीव होईपर्यंतच फेटा. फेस आणलात तर फ्रिटाटा ओव्हनमध्ये टम्म फुगतो आणि बाहेर येताच बसतो. तव्यात २ मोठे चमचे तेल किंवा लोणी चांगलं तापू द्या, कडांनाही लावा. गार तव्यात ओतलेलं अंडं हमखास चिकटतं. एक कांदा मध्यम आचेवर ७-८ मिनिटं परता, त्यावर भाजी पसरून गरम होऊ द्या. फ्रिजमधली थंड भाजी तशीच अंड्यात गेली तर मधला भाग मागे राहतो आणि तो होईस्तोवर कडा रबरासारख्या होतात.

आता अंडी ओता, आच मंदावर आणा, चीज वरून विखुरा. दोनेक मिनिटं कडेचं अंडं उलथन्याने हलकेच आत सारा. कडेला बोटभर रुंदीची पट्टी बसली की तवा ओव्हनमध्ये, १२ ते १५ मिनिटं. तवा हलवून बघा: कडा घट्ट आणि मधला भाग नुकत्या लागलेल्या दह्यासारखा थरथरला की काढायची वेळ झाली. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७१ अंश. उरलेलं काम तव्यातली उष्णता करते. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर अंड्यातली प्रथिनं आवळतात आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकतात. भाजी नीट पिळूनही ताटात पाणी दिसलं, तर ते बहुधा इथून आलेलं असतं. कापण्याआधी १० मिनिटं थांबा.

झुकिनीच्या टिक्क्या

पिळलेला ५०० ग्रॅम कीस (वजन पिळण्याआधीचं), १ अंडं, ६० ग्रॅम मैदा, २ पातीचे कांदे, ५० ग्रॅम किसलेलं चीज, मिरपूड. तव्यात ३ ते ४ मिलिमीटर तेल मध्यम आचेवर तापवा, मिश्रणाचा थेंब टाकताच तडतडला पाहिजे. मगच मैदा कालवा आणि लगेच तळायला घ्या. कालवलेलं मिश्रण थांबलं की मीठ आणखी पाणी ओढून काढतं. तळता तळता वाडग्याच्या तळाशी पाणी जमलंच तर ते कलतं करून ओतून द्या, मैदा वाढवू नका. मैद्याने टिक्की कोरडी होत नाही, चिवट होते.

प्रत्येकी २ मोठे चमचे मिश्रण टाकून सेंटिमीटरभर जाडीची थापा. एका बाजूला ३ मिनिटं, आणि कड तपकिरी दिसेपर्यंत हात लावू नका. घाईने उलटली की मोडते. झालेल्या टिक्क्या कागदावर एकावर एक रचल्या तर खालच्या वाफेने मऊ पडतात. १०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवा, अर्धा तास कुरकुरीत राहतात.

झुकिनीऐवजी मका घेतला तर आणखी सोपं. दोन कणसांचे साधारण दीड कप दाणे निघतात. दाणे कापल्यावर कणसावरून सुरीची पाठ दाबून ओढा, जे दुधाळ निघेल ते पिठात घाला. सगळी गोडी त्यात असते. इथे पाणी काढायचं नाही, उलट दूध बेतानेच घालायचं.

टोमॅटो टोस्ट

दिसायला सर्वांत सोपा, बिघडायला सर्वांत पटाईत. टोमॅटोचे सेंटिमीटरभर जाड काप करून मीठ भुरभुरा आणि जाळीवर १५ मिनिटं ठेवून फडक्याने टिपा. पाव जाड कापून दोन्ही बाजूंनी चांगला कडक भाजा, त्यावर लोणी, मेयॉनेज किंवा मऊ चीज अगदी कडेपर्यंत लावा. हा स्निग्ध थर रस आत मुरू देत नाही. काप ठेवायचे ते ताट टेबलावर जाण्याच्या क्षणी, बेझिल त्याहून शेवटी आणि हाताने तोडून.

टोमॅटोच्या रश्श्यात अंडी फोडून शिजवायची असतील तर ७०० ग्रॅम टोमॅटो आणि भाजलेल्या २ ढोबळ्या मिरच्या उघड्या तव्यात १५ ते २० मिनिटं आटवा. चमचा ओढला की तव्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. त्याआधी अंडी फोडलीत तर खळगे टिकत नाहीत आणि पांढरं सगळीकडे पसरतं. ५ अंडी फोडून, झाकण ठेवून, मंद आचेवर ६ मिनिटं.

सहा जणांसाठी करताना

आदल्या संध्याकाळी ओव्हनमधल्या भाज्या भाजून आणि फरसबी उकळून ठेवा. झुकिनी मात्र सकाळीच किसा, रात्रभर मिठात राहिलेला कीस पिळल्यावर चोथा होतो. सकाळी किसाला मीठ लावलं की लगेच फ्रिटाटाला हात घाला, तो कोमट खाल्ला तरी छान लागतो. तो ओव्हनमध्ये असताना कीस पिळून होतो, बाहेर आला की ओव्हन १०० अंशांवर आणून टिक्क्या तळा. टोस्ट शेवटी. उरलेला फ्रिटाटा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो गरम करू नका, गारच पावात घाला. पुन्हा तापवलेलं अंडं पुन्हा पाणी सोडतं.