खाणीतून युनियनमध्ये गेलेल्या माणसाचं चरित्र लिहायचंय? आधी वजनकाट्यापाशी जा

बरेच जण अशा चरित्राची सुरुवात भाषणाने नाहीतर "गरीब घरात जन्म" ने करतात. बोअर होतं हो. आधी हा माणूस खाली नेमकं काय काम करायचा ते शोधा.

स्कॉटलंडचा कामगार नेता आणि पुढे ब्रिटिश खासदार झालेला कीर हार्डी घ्या, जन्म १८५६. दहाव्या वर्षी खाणीत लागला, काम ट्रॅपरचं. म्हणजे कोळशाचे गाडे आले की हवेचं दार उघडायचं, गेले की लावायचं आणि मधल्या वेळात अंधारात एकटं बसून राहायचं. दार उघडं राहिलं तर हवा भलत्याच बोगद्यात वळते आणि आतल्या कामगारांचा जीव धोक्यात येतो, एवढी जबाबदारी दहा वर्षांच्या पोरावर. आणि १८४२ च्या ब्रिटिश कायद्याने सरसकट बंदी होती ती फक्त दहाच्या आतल्या मुलांना.

मग मजुरीचं बघा, खरी गोष्ट इथेच आहे. पैसे मिळायचे कोळशाच्या वजनावर, आणि काट्यावर माणूस मालकाचा, तो "दगडच जास्त आहे यात" म्हणून वजन कापणार. १८६० च्या कायद्याने कामगारांना आपला माणूस काट्यावर उभा करायचा हक्क मिळाला, त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. साहजिकच हिशोबाला पक्का आणि मॅनेजरला न घाबरणारा माणूस निवडला जायचा, आणि त्या काळचे कितीतरी युनियन लीडर असे काट्यावरूनच वर आलेत. तुमचा माणूस तिथे होता का ते आधी चेक करा.

नोकरी गेल्यावर घर कसं चाललं हेही लिहाच, लोक नेमकं तेच गाळतात. हार्डीला मालकांनी चळवळ्या म्हणून भावांसकट काढलं, आसपासच्या खाणींनीही घेतलं नाही, मग त्याने छोटं दुकान टाकलं, पेपरला बातम्या लिहिल्या. फसलेले संपही लपवू नका, १८८० चा स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर जिल्ह्यातला संप तो हरलाच होता. १८८६ ला शेजारच्या एअरशायरमधल्या खाण कामगार युनियनचा सेक्रेटरी झाला ते या सगळ्यानंतर.

पार्लमेंटचा भाग थोडक्यात उरका, पण १८९४ सोडू नका. वेल्समधल्या खाणीत स्फोट होऊन अडीचशेच्या वर माणसं गेली, आणि त्याच दिवसांत राजघराण्यात बाळ जन्मलं म्हणून सभागृहात अभिनंदनाचा ठराव. त्यात मेलेल्यांसाठी दुखवट्याची एक ओळ घाला एवढंच हार्डी मागत होता, ती घातली नाही, मग तो राजघराण्यावरच तुटून पडला. पुढच्याच वर्षी निवडणूक हरला. भाषण टाकायचंच असेल तर हे टाका.